पेडलपासून क्लचपर्यंत : तरफांच्या साखळीचे गणित

एस.टी.च्या गाडीत पुढच्या बाकावर जागा मिळाली, की आपले लक्ष रस्त्यापेक्षा ड्रायव्हरच्या पायांकडेच अधिक जाते. गिअर बदलायच्या आधी त्यांचा डावा पाय एक पेडल तळापर्यंत दाबतो, हात दांडा सरकवतो आणि मग पाय सावकाश वर येतो. हे इतक्या सहजपणे घडते, की त्यात काही विशेष आहे असे वाटतच नाही. परंतु त्या पेडलाच्या पलीकडे, पत्र्याच्या आड, जवळजवळ दीडशे किलोग्रॅम भाराची एक स्प्रिंग दाबली जात असते! माणसाच्या पायाला हे कसे जमते?

उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. सातवी-आठवीत आपण तरफ शिकतो. टेकू, बलभुजा, भारभुजा हे शब्द पाठ करतो, अडकित्ता आणि कात्री यांची उदाहरणे लिहितो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. या लेखात आपण हेच तरफेचे ज्ञान घेऊन एका जुन्या मोटारीच्या खाली डोकावणार आहोत. वही-पेन्सिल जवळ ठेवा, कारण मधूनमधून थोडे गणित करावे लागेल.

क्लच कशासाठी?

दोन तळहातांच्या मध्ये एक वही घट्ट धरा आणि हात फिरवा. वहीही फिरते. आता एक हात थोडासा सैल करा. हात फिरतो, पण वही जागेवर राहते. क्लचचे कार्य हेच.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक जड चाक बसवलेले असते. त्याला फ्लायव्हील किंवा प्रचक्र म्हणतात. हा आपला पहिला तळहात. दुसरा तळहात म्हणजे प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये घर्षण करणारे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते आणि ती गिअरपेटीतून आलेल्या खाचांच्या दांड्यावर बसलेली असते. एक दणकट स्प्रिंग प्रेशर प्लेटला सतत फ्लायव्हीलकडे रेटत राहते. म्हणून एरवी तिन्ही चकत्या एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची शक्ती गिअरपेटीत जाते.

गिअर बदलताना हा संबंध क्षणभर तोडावा लागतो. त्यासाठी स्प्रिंगच्या मध्याकडे वळलेल्या पोलादी बोटांवर एक बेअरिंग येऊन दाब देते. त्याला रिलीज बेअरिंग म्हणतात. ते साधारण आठ-दहा मिलिमीटर पुढे सरकले की प्रेशर प्लेट मागे हटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. सरकायचे अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही, पण बल मात्र मोठे लागते.

पायाची गोष्ट नेमकी उलट आहे. पाय पंधरा सेंटिमीटर सहज खाली जाऊ शकतो, पण दिवसभर न थकता त्याने दहा-बारा किलोग्रॅमपेक्षा जास्त रेटा द्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणजे आपल्याजवळ अंतर भरपूर आणि बल थोडे. हवे आहे अंतर थोडे आणि बल भरपूर. हा सौदा करून देणारी दलाल म्हणजे तरफ.

एका जुन्या मोटारीचा प्रश्न

अमेरिकेत फोर्ड कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग नावाची मोटार बाजारात आणली. या मोटारी आजही तेथील हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतील कित्येक मोटारींना कारखान्यातूनच सी-४ नावाची तीन गतींची स्वयंचलित गिअरपेटी बसवलेली होती. अशा गाडीत क्लचचे पेडल नसते. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. स्वयंचलित पेटीत हवेऐवजी तेल असते आणि ते याच रीतीने इंजिनाची फिरकी पुढे पोहोचवते.

काही मालकांना मात्र आपल्या हाताने गिअर टाकण्याची गाडी हवी असते. शिवाय पाच गतींची पेटी बसवली तर आणखी एक लाभ होतो. बोर्ग-वॉर्नर कंपनीची टी-५ ही पाच गतींची पेटी १९८३ पासून नव्या मस्टँगमध्ये येऊ लागली. तिच्या बऱ्याच नमुन्यांत पाचव्या गतीचे गुणोत्तर ०.६८ आहे. म्हणजे सरळ जोडणीत इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पाचव्या गतीत त्याच वेगाला ३,००० × ०.६८ = २,०४० फेरे पुरतात. इंजिन शांत चालते आणि लांबच्या प्रवासात इंधनही वाचते.

म्हणून १९६६ ची मोटार आणि १९८० च्या दशकातली पेटी यांची सोयरीक जुळवण्याचा खटाटोप सुरू होतो. पेटी बसते, बोल्ट आवळले जातात आणि मग मालक प्रथमच क्लच दाबतो. पेडल तळाला टेकते, तरीही गिअर टाकताना कर्रर्र असा आवाज येतो. क्लच पूर्ण सुटलेलाच नसतो. चूक कुठे झाली? पेटीत नव्हे, क्लचमध्येही नव्हे. चूक झाली ती मधल्या तरफांच्या साखळीत.

साखळीतील तीन तरफा

जुन्या मस्टँगमध्ये पायापासून बेअरिंगपर्यंत तीन तरफा एकामागून एक जोडलेल्या असतात. पुढील मापे आपण गणिताच्या सोयीसाठी घेतली आहेत. प्रत्यक्ष गाडीत ती मोजूनच घ्यावी लागतात.

पहिली तरफ म्हणजे खुद्द पेडल. ते वर डॅशबोर्डच्या मागे टेकूवर टांगलेले असते. टेकूपासून पायाच्या गादीपर्यंतचे अंतर ३०० मि.मी. आणि टेकूपासून पुढे जाणाऱ्या दांडीच्या पिनेपर्यंतचे ६० मि.मी. समजू. म्हणजे यांत्रिक फायदा ३०० ÷ ६० = ५.

दुसरी तरफ थोडी निराळी दिसते. इंजिन आणि मोटारीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवी नळी असते. तिच्या एका टोकाजवळ वर जाणारा हात आणि दुसऱ्या टोकाजवळ खाली जाणारा हात असतो. लांबून पाहिले तर इंग्रजी झेड अक्षरासारखा आकार दिसतो, म्हणून तिला झेड-बार म्हणतात. पेडलाची दांडी वरच्या हाताला ढकलते, नळी स्वतःभोवती थोडी फिरते आणि खालचा हात पुढची दांडी ढकलतो. वरचा हात ९० मि.मी. आणि खालचा ६० मि.मी. असेल, तर फायदा ९० ÷ ६० = १.५.

तिसरी तरफ म्हणजे क्लचचा फाटा, अर्थात फोर्क. त्याचे बाहेरचे टोक दांडी ढकलते आणि आतले दुबेळके बेअरिंगला पुढे सारते. टेकूपासून बाहेरचे अंतर १०० मि.मी. व आतले ५० मि.मी. असेल, तर फायदा २.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. एकापुढे एक जोडलेल्या तरफांचे फायदे मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. कारण पहिल्या तरफेने पाचपट केलेले बलच दुसरी तरफ पुन्हा दीडपट करते.

एकूण फायदा = ५ × १.५ × २ = १५

बेअरिंगवर १५० किलोग्रॅम भार लागत असेल, तर पायाला १५० ÷ १५ = १० किलोग्रॅम पुरतात. सांध्यांतील घर्षणात पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तर प्रत्यक्षात साडेबारा किलोग्रॅम लागतील.

परंतु निसर्गाच्या दुकानात उधारी नाही. बल पंधरापट मिळाले, तर अंतर पंधरावा हिस्साच मिळणार. पेडल १५० मि.मी. खाली गेले, तर बेअरिंग १५० ÷ १५ = १० मि.मी. सरकते. घर्षण सोडले तर बल आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही टोकांना सारखाच राहतो. पायाकडे १० × १५० = १,५०० आणि बेअरिंगकडे १५० × १० = १,५००. कार्याच्या अक्षय्यतेचा हा नियम कोणत्याही कारागिराला चुकवता आलेला नाही.

पेडल हलके झाले, क्लच सुटेना

आता मघाच्या मालकाकडे परत येऊ. त्याने क्लचचा फाटा बदलला. नव्या फाट्याची बाहेरची बाजू १०० ऐवजी १३० मि.मी. निघाली, आतली ५० मि.मी.च राहिली. फाट्याचा फायदा १३० ÷ ५० = २.६ झाला.

नवा एकूण फायदा = ५ × १.५ × २.६ = १९.५

पायाला आता १५० ÷ १९.५ म्हणजे जवळजवळ ७.७ किलोग्रॅमच पुरतात. मालक खूश होतो, "वा, पेडल काय हलके झाले!" पण बेअरिंग किती सरकले? १५० ÷ १९.५ = ७.७ मि.मी. यातूनही पेडलाची पहिली २५ मि.मी. चाल मोकळी ठेवावी लागते. ती का, ते पुढे येईलच. उरलेल्या १२५ मि.मी.तून बेअरिंगला मिळतात फक्त ६.४ मि.मी. क्लच सुटायला ८ मि.मी. लागत असतील, तर तो अर्धवटच सुटणार. पूर्वीच्या जुळणीत १२५ ÷ १५ = ८.३ मि.मी. मिळत होते, म्हणून काम भागत होते.

यावर उपाय कोणता? एकूण फायदा पुन्हा १५ वर आणला पाहिजे. पेडलाचा ५ आणि फाट्याचा २.६ कायम ठेवला, तर झेड-बारचा फायदा १५ ÷ (५ × २.६) = १.१५ हवा. वरचा हात ९० मि.मी.च ठेवला, तर खालचा हात ९० ÷ १.१५ म्हणजे ७८ मि.मी. झाला पाहिजे. पूर्वी तो ६० होता. म्हणजे भोक १८ मि.मी. खाली सरकवायचे. जाणता कारागीर जुना हात कापून लांब हात वेल्डिंगने जोडतो. हात लांबला की तो वाकण्याचा संभव वाढतो, म्हणून पोलादाची पट्टीही अधिक जाड घेतो. अठरा मिलिमीटरचा हा हिशेब आधी वहीत केला असता, तर पेटी दुसऱ्यांदा उतरवण्याची पाळी आली नसती.

चूक उलट दिशेनेही होऊ शकते. फायदा फार कमी ठेवला, तर पेडल जड होते आणि बेअरिंग गरजेपेक्षा जास्त पुढे जाते. स्प्रिंगची बोटे मर्यादेपलीकडे दाबली जाऊन वाकतात. म्हणून पेडलाची चाल जरुरीपुरतीच राहावी यासाठी त्याला अडणी ठेवतात.

दांडी आणि हात यांच्यामधील कोनही विसरू नका. दांडी हाताला काटकोनात ढकलते, तेव्हाच हाताची पूर्ण लांबी उपयोगी पडते. आपल्या ९० मि.मी.च्या हाताचे टोक ३० मि.मी. सरकते, म्हणजे हात सुमारे १९ अंश फिरतो. चालीच्या मध्यावर काटकोन यावा अशी जुळणी केली, तर दोन्ही टोकांना साडेनऊ अंशांचाच फरक पडतो आणि नुकसान शेकडा दीडपेक्षाही कमी होते. पण चाल सुरू होतानाच दांडी हाताशी ४० अंशांचा कोन करीत असेल, तर प्रभावी भुजा ९० ऐवजी ५८ मि.मी.च राहते. दांडीची लांबी आटे फिरवून कमीजास्त करण्याची सोय ठेवलेली असते, त्याचे एक कारण हेच आहे.

झेड-बार कशाला? सरळ दांडी का नको?

तुम्ही विचाराल, की पेडलापासून फाट्यापर्यंत सरळ एक दांडी टाकली असती तर? हा प्रश्न चांगला आहे.

पेडल मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असते, तर फाटा इंजिनाच्या अंगाला. इंजिन मात्र रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते. गाडी जोराने सुटताना ते एका कुशीवर झुकते, हादरते. सरळ दांडी असती, तर इंजिन हलताच फाटाही ढकलला किंवा ओढला गेला असता. म्हणजे पाय स्थिर असूनही क्लच आपोआप सुटायचा व लागायचा, आणि गाडी धक्के खात सुटायची.

झेड-बारचे एक टोक सांगाड्यावर आणि दुसरे इंजिनाच्या बाजूला, दोन्ही गोल सांध्यांत टेकलेले असते. इंजिन हलले की बारचे तिकडचे टोक, खालचा हात, दांडी आणि फाटा सारे बरोबरच हलतात. सांगाड्याकडचे टोक, वरचा हात आणि पेडल जागेवर राहतात. नळी थोडी तिरपी होते, पण स्वतःभोवती जवळजवळ फिरत नाही. पायाने दिलेली फिरकी तेवढी पलीकडे पोहोचते, इंजिनाचे हादरे पायाकडे येत नाहीत. म्हणूनच नवी पेटी बसवताना झेड-बार आडवा आणि समपातळीत बसला आहे ना, हे पाहावे लागते. घाईने तो दोन्ही टोकांना घट्ट वेल्ड करून टाकणे म्हणजे त्याचा प्राणच काढून घेणे होय.

ढकलायचे की ओढायचे?

पेट्यांच्या जमान्यांत आणखी एक फरक आहे. जुन्या मस्टँगमध्ये दांडी फाट्याचे बाहेरचे टोक मागे ढकलते आणि आतले टोक बेअरिंगला पुढे नेते. टेकू मधोमध असतो. ही पहिल्या प्रकारची तरफ, कात्रीसारखी.

१९७९ पासून मस्टँगमध्ये दांड्यांऐवजी तारेची केबल आली. तिच्या फाट्याचा टेकू एका टोकाला, बेअरिंग मध्ये आणि केबल दुसऱ्या टोकाला असते. केबल टोकाला पुढे ओढते आणि बेअरिंगही पुढेच जाते. ही दुसऱ्या प्रकारची तरफ, अडकित्त्यासारखी.

आता जुन्या झेड-बारची मागे ढकलणारी दांडी या नव्या फाट्याला जोडली तर? बेअरिंग पुढे जाण्याऐवजी मागेच येईल आणि क्लच कधीच सुटणार नाही! येथे भुजांची लांबी बदलून काही उपयोग नाही, कारण दिशाच चुकली आहे. म्हणून अनुभवी माणसे अशा वेळी तीनपैकी एक मार्ग निवडतात.

पहिला मार्ग म्हणजे इंजिन व पेटी यांच्यामधली घंटेच्या आकाराची पेटी, म्हणजेच बेल-हाउसिंग, जुन्या पद्धतीचे घ्यायचे आणि नवी पेटी त्यावर जोडपट्टीच्या मदतीने बसवायची. मग फाटा जुन्या प्रकारचाच राहतो. मात्र पट्टी जितकी जाड, तितकी पेटी मागे सरकते. तिच्या दांड्याचे टोक क्रँकशाफ्टमधील लहान बेअरिंगात पुरेसे शिरते ना, हे मोजून पाहावे लागते.

दुसरा मार्ग केबलचा. सायकलच्या ब्रेकची तार तुम्ही पाहिली आहेच. बाहेरचे वेटोळ्याचे कवच आणि आत सरकणारी तार अशा या केबलचे पेटंट ब्रिटनमधील अर्नेस्ट बाउडन याने १८९६ मध्ये घेतले. केबल इंजिनाच्या हादऱ्यांना दाद देत नाही आणि वळणावळणाने नेता येते. परंतु न्यूटनचा तिसरा नियम येथे दक्षिणा मागतो. आत तार जेवढ्या बलाने ओढली जाते, तेवढ्याच बलाने बाहेरचे कवच उलट दिशेने रेटते. पायाचे १० किलोग्रॅम पेडलाच्या तरफेतून ५० होतात आणि हे ५० किलोग्रॅम ड्रायव्हरच्या पुढच्या पातळ पत्र्यावर येतात. पत्रा वाकला की पेडलाची चाल त्यातच जिरते. म्हणून तेथे जाड पट्टी लावून पत्रा मजबूत करतात. शिवाय केबल धुराच्या तापलेल्या नळीपासून दूर ठेवावी लागते.

तिसरा मार्ग तेलाचा. पेडलाजवळ एक लहान सिलिंडर, फाट्याजवळ दुसरा, आणि मध्ये द्रवाने भरलेली नळी. पास्कलच्या नियमाप्रमाणे द्रवातील दाब सर्वत्र सारखा असतो. पेडलाकडच्या सिलिंडरचा व्यास १९ मि.मी. आणि फाट्याकडचा २२ मि.मी. घेऊ. क्षेत्रफळे व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, म्हणून बलाचा फायदा ४८४ ÷ ३६१ = १.३४. पेडलाची दांडी १५० ÷ ५ = ३० मि.मी. सरकली, तर फाट्याकडची दांडी ३० ÷ १.३४ म्हणजे २२.४ मि.मी. आणि फाट्याचा फायदा २ असल्यास बेअरिंग ११.२ मि.मी. सरकते. येथे झेड-बारच्या हातांचे काम दोन व्यास करतात. व्यासात दोन-तीन मिलिमीटरांचा बदलही वर्गामुळे मोठा परिणाम घडवतो, हे ध्यानात ठेवा.

मोकळी चाल आणि झिजलेली भोके

पेडलाची पहिली २५ मि.मी. चाल मोकळी का ठेवतात? आपल्या साखळीत तिचा बेअरिंगकडचा हिस्सा २५ ÷ १५ = १.७ मि.मी. एवढाच आहे. पाय उचललेला असताना बेअरिंग आणि स्प्रिंगची बोटे यांच्यात एवढी फट राहिली पाहिजे. ती नसेल, तर जुन्या पद्धतीचे बेअरिंग सतत घासत राहून जळते. आणि बोटांवर थोडा जरी दाब राहिला, तरी क्लच प्लेट घसरू लागून तिचे अस्तर करपते.

गंमत अशी, की ही फट आपोआप कमी होत जाते. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटे उलट बेअरिंगकडे येतात, तीही झिजेच्या तिप्पट-चौपट अंतराने. म्हणजे अस्तर अर्धा मिलिमीटर झिजले, की १.७ मि.मी.ची फट संपलीच म्हणायची! अशा गाडीत दांडीचे आटे फिरवून मोकळी चाल पुन्हा पुन्हा जुळवावी लागते, ती याचसाठी.

याउलट, सांध्यांची झीज चाल वाया घालवते. चार भोके फक्त एकेक मिलिमीटरने मोठी झाली आहेत असे समजा. पहिल्या दांडीच्या दोन टोकांची २ मि.मी. ढिलाई पेडलाकडे पाचपट, म्हणजे १० मि.मी. होते. दुसऱ्या दांडीच्या दोन टोकांची २ मि.मी. ढिलाई ५ × १.५ = ७.५ पट, म्हणजे १५ मि.मी. होते. एकूण २५ मि.मी. चाल हवेत गेली. पन्नास-साठ वर्षांची पिन आणि बुश तसेच ठेवून नव्या पेटीला दोष देण्यात अर्थ नाही.

अडकलेले पेडल

त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन मोटारींत पेडलाच्या टेकूजवळ एक मदतनीस स्प्रिंग असे. पेडल वर असताना ती त्याला वरच धरून ठेवते. पण एका ठरावीक बिंदूच्या पलीकडे पेडल गेले, की तीच स्प्रिंग त्याला खाली ओढून पायाला मदत करते. दिव्याच्या खटक्याच्या बटनासारखेच हे.

जुन्या क्लचमध्ये गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. त्या जितक्या दाबाव्या तितक्या अधिक जोराने परत ढकलत, म्हणून पेडल हमखास वर येई. नव्या क्लचमध्ये बशीच्या आकाराची एकच स्प्रिंग असते. तिचा विरोध आधी वाढतो आणि मग शेवटी शेवटी कमी होतो. पायाला हे सुखाचे वाटते. पण जुनी मदतनीस स्प्रिंग तशीच राहिली, तर तळाशी तिचे ओढणे क्लचच्या ढकलण्यापेक्षा जास्त ठरू शकते. मग पाय उचलला तरी पेडल खालीच चिकटून राहते. ऐन चौकात असे झाले तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून बशीची स्प्रिंग घालताना मदतनीस स्प्रिंग काढतात आणि पेडल वर आणणारी साधी स्प्रिंग लावतात. दोन भाग वेगवेगळे उत्तम असले, तरी एकत्र आल्यावर धोकादायक ठरू शकतात.

आणखी एक दक्षता. स्वयंचलित पेटीच्या गाडीत दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' मध्ये असल्याशिवाय स्टार्टर चालत नाही. त्यासाठी एक स्विच असतो. पेटी काढली की तो स्विचही जातो. केवळ दोन तारा जोडून काम भागवले, तर गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच उडी घेईल. त्याऐवजी क्लच दाबल्यावरच स्टार्टर चालू होईल असा स्विच पेडलापाशी बसवणे शहाणपणाचे.

फ्लायव्हीलचेही असेच आहे. मस्टँगच्या ४.७ लिटरच्या जुन्या इंजिनाला तोल साधण्यासाठी २८ औंस-इंचांचा मुद्दाम असमतोल ठेवलेले फ्लायव्हील लागते, तर १९८० च्या दशकातील ५ लिटरच्या इंजिनाला ५० चे. दिसायला दोन्ही सारखीच. चुकीचे बसवले, तर २२ औंस-इंचांचा, म्हणजे सुमारे १,५८४ ग्रॅम-सेंटिमीटरचा, फरक राहतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना तो सुमारे १६० किलोग्रॅम भाराएवढा हिसका दर सेकंदाला ५० वेळा देत राहील.

करून पाहा

साहित्य : लाकडी फळी, जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या, टाचण्या, सायकलच्या जुन्या आऱ्यांचे दोन तुकडे, मोजपट्टी.

पहिल्या पट्टीला वरच्या टोकाशी टेकूची टाचणी लावा. तेथून ४ सें.मी. वर एक भोक पाडा आणि २० सें.मी. वर खूण करा. दुसऱ्या पट्टीचा टेकू असा ठेवा, की एक भुजा ९ सें.मी. व दुसरी ६ सें.मी. राहील. तिसऱ्या पट्टीच्या भुजा १० व ५ सें.मी. ठेवा. आऱ्यांची टोके काटकोनात वाकवून त्या दांड्या करा. पहिली दांडी ४ सें.मी.च्या भोकातून ९ सें.मी.च्या टोकाला, दुसरी ६ सें.मी.च्या टोकातून १० सें.मी.च्या टोकाला जोडा. पट्ट्या शक्यतो दांड्यांशी काटकोनात राहतील अशा टाचा.

आता खुणेचे टोक ६ सें.मी. सरकवा. शेवटच्या पट्टीचे मोकळे टोक किती सरकते? गणिताने ६० ÷ १५ = ४ मि.मी. यायला हवे. नंतर भोके मुद्दाम मोठी करून पुन्हा मोजा. चाल कुठे गेली, ते डोळ्यांनी दिसेल.

प्रयोग फळीवरच करा. खऱ्या मोटारीखाली, विशेषतः नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली, कधीही शिरू नका. ते काम भक्कम घोड्यांवर गाडी टेकवून जाणत्या मेस्त्रीनेच करायचे असते.

स्वाध्याय

१. पेडलाच्या भुजा २८० व ५६ मि.मी., झेड-बारचे हात ८० व ६४ मि.मी., फाट्याच्या भुजा ९६ व ४८ मि.मी. आहेत. एकूण यांत्रिक फायदा किती? बेअरिंगवर १५० किलोग्रॅम भार हवा असल्यास, घर्षण सोडून, पायाला किती बल लावावे लागेल? १५० मि.मी. चालीत बेअरिंग किती सरकेल?

२. तेलाच्या मार्गात फाट्याकडचा सिलिंडर २२ ऐवजी २५ मि.मी. व्यासाचा घेतला. बाकी मापे लेखातलीच आहेत. बेअरिंग किती सरकेल? क्लच सुटायला ८ मि.मी. लागत असल्यास ही जुळणी चालेल का?

३. तुमच्या घरातील पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या तरफा शोधा आणि प्रत्येकीत बल व भार एकाच दिशेने सरकतात की विरुद्ध, ते लिहा.

उत्तरे : १. १२.५, १२ किलोग्रॅम, १२ मि.मी. २. सुमारे ८.७ मि.मी.; चालेल, पण हाताशी जेमतेम पाऊण मिलिमीटरच उरतो, म्हणून सांधे व पत्रा मुळीच ढिले नकोत.

पुन्हा कधी एस.टी.त पुढच्या बाकावर बसाल, तेव्हा त्या पेडलाकडे नीट पाहा. ड्रायव्हरकाकांचा पाय किती खाली जातो याचा अंदाज घ्या, आणि पलीकडे काय किती सरकत असेल, याचे गणित मनातल्या मनात मांडा. पुस्तकातली तरफ तेथे दर वळणावर काम करीत असते.